जास्तीची दोन बटणं

नवरा समोरून धावत गेला तसं तिने डब्यातून एक बटण उचलून मांडीवरच्या रुमालात टाकलं. तो वळणाआड जाईपर्यंत थांबली आणि आणखी दोन टाकली.

तळ्याभोवतीची ती वाट बरोबर एक किलोमीटरची. जमीन मोजणीच्या खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने ती स्वतः टेप लावून मोजली होती, तीही दोनदा. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, नातवंडं खेळवतात. याच्या डोक्यात मॅरेथॉन शिरली. दर रविवारी सकाळी तो धावायचा आणि ती बाकावर बसून फेऱ्या मोजायची. शिवणाचा डबा बरोबर असायचाच, म्हणून बटणं.

"एवढा जीव काढून मिळणार काय?" तिने सुरुवातीलाच विचारलं होतं.

"शेवटून तिसरा येईन," तो म्हणाला होता. "चौथा आलो तर तुझं नशीब."

तिला हसू आलं नव्हतं. तिचे थोरले दीर याच वयात जिना चढता चढता पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. आणि दीड महिन्यापूर्वी नवऱ्याने धावता धावता छातीवर हात ठेवला. क्षणभरच. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, पण तिची भीती गेली नाही. बरं, धावू नका म्हणायचीही सोय नव्हती. नोकरी संपल्यावर सहा महिने भिंतीकडे बघत बसलेला माणूस तिने पाहिला होता, आणि तो तिला परत नको होता. म्हणून ती त्याच्या पुढच्या रविवारपासून बत्तीस सांगून तीसच फेऱ्या धावू देत होती.

रुमालात बत्तीस बटणं झाली तसा तिने हात वर केला.

"झाल्या बत्तीस."

तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. घाम टपटप गळत होता.

"पिशवीतला टॉवेल दे जरा."

टॉवेल ओढला तशी खिशात मावेल एवढी डायरी खाली पडली आणि उघडली. अक्षर तेच, नकाशावर आकडे लिहायचं. दर रविवारच्या तारखेपुढे दोन रकाने होते: तिची मोजणी, माझी मोजणी. बत्तीस, तीस. बत्तीस, तीस. असे पाच रविवार.

दुसऱ्याच्या मोजणीवर हा माणूस कधी सही करत नसे. चौतीस वर्षं संसार केला आणि एवढी साधी गोष्ट ती विसरली होती. तिचे कान तापले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने टॉवेलने मान पुसली.

"दादा गेला तेव्हापासून तू मला जिन्यात एकट्याला चढू देत नाहीस," तो म्हणाला. "घाबरलेल्या माणसाशी आकड्यांवरून काय भांडायचं?"

"पण शर्यत तीन आठवड्यांवर आलीय. तिथे दमछाक झाली तर ती माझ्यामुळे होईल."

"झाली तर चालत येईन. मला कोण पकडायला बसलंय?"

आपण त्याच्यासाठी केलं असं ती दीड महिना धरून चालली होती. खरं तर स्वतःसाठीच केलं होतं. तिने रुमालातली दोन बटणं वेगळी काढून मुठीत धरली, डायरी पिशवीत परत ठेवली, डबा बंद करून बाकावर ठेवला आणि गुडघा दाबत उठली.

"दोन राहिल्यात," ती म्हणाली. "मला धावता यायचं नाही."

"धाव म्हटलंय कुणी?"

दोघं निघाली. वळणावर ती मागे पडली, तसा तो थांबला. पुढे तिच्याच पावलाने चालू लागला. बाकाजवळ परत आल्यावर तिने मुठीतलं एक बटण त्याच्या हातावर ठेवलं.

"किती झाल्या?" त्याने विचारलं.

"एकतीस."

त्याने बटण खिशात टाकलं. डायरी पिशवीतच राहू दिली.