चौथा नट

एक ठिपका. दोन ठिपके. तीन ठिपके. चार ठिपक्यांचा नाहीच.

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की भर रस्त्यात थबकणारा एक म्हातारा.

लोखंडाचे दोन जाड पाट, बंद दुकानात, एकमेकांवर नुसतेच ठेवलेले.

"मोडलास तूच!"

"भोक बारीक पाडलंस तूच!"

आता नीट सांगायचं तर तो म्हातारा म्हणजे बोल्टवाले, आणि वरचं भांडण त्यांचं नि नटवाल्यांचं. दोघांचं मिळून एक फिटिंगचं दुकान होतं. सळीवर बाहेरून आटे पाडायचे ते यांनी, नटाच्या भोकात आतून पाडायचे ते त्यांनी. भोक तेवढं आधी बोल्टवाले पाडून द्यायचे. हातानं पाडलेल्या आट्यांचे नखरे फार. आपल्या जोडीदाराशीच काय ते जुळवून घेतील, दुसऱ्याला दारात उभं करणार नाहीत. म्हणून जोडी जमली की दोघांवर टोकदार पंच ठोकून सारखे ठिपके उठवायचे, पहिल्या जोडीला एक, दुसरीला दोन, असे.

शेवटचं काम होतं पुस्तकं दाबायचा प्रेस. खाली पाट, वर पाट, कोपऱ्यांना चार उभे बोल्ट. तीन जोड्या जमल्या. चौथ्या नटात नटवाल्यांचा आटे पाडायचा टॅप कडकन मोडला आणि आतच राहिला. पुढचं वर आलंच आहे.

वाटणी मात्र अगदी न्यायानं झाली. ज्यानं जे पाडलं ते त्याचं. सगळे बोल्ट एका घरी गेले, सगळे नट दुसऱ्या घरी. यात काही चुकतंय असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. पाट एकट्याला उचलेनात, ते दुकानातच राहिले.

आज, इतक्या वर्षांनी, जागेचा मालक दुकान रिकामं करत होता. कोपऱ्यावरची बाइंडिंगवाली पाट बघून म्हणाली, "काका, प्रेस उभा करून दाखवा, संध्याकाळी मी नेते. नाहीतर भंगारवाला आलाच आहे."

बोल्टवाल्यांनी बाजारातून नट आणून पाहिले. दोन आटे चढले आणि अडून बसले. मग त्यांनी बोल्ट पिशवीत घातले, चप्पल घातली, आणि जिथं कधी जायचं नाही असं ठरवलं होतं तिथं निघाले.

नटवाल्यांच्या सुनेनं दार उघडलं.

"बाबा, कोणीतरी बोल्ट घेऊन आलेत."

"बुटका आहे का?"

सून घुटमळली. "तसे... आहेत."

"मग पाय पुसून ये म्हणावं."

नटवाले खिडकीशी बसले होते. या, बसा, काही नाही. खाटेखालून डबा ओढला, अंगठ्यानं ठिपके चाचपत एकेक नट पुढं केला. एक ठिपका एका ठिपक्यावर गेला. बोटानं टिचकी मारली तर नट गरगरत तळाला. दुसराही. तिसराही. मग डब्यातून मोडक्या टॅपचा तुकडा अडकलेला नट निघाला.

"हा अजून ठेवलायस?"

"पुरावा आहे."

"कोणाविरुद्ध?"

"तुझ्याशिवाय माझं आहे कोण?"

हे वाक्य दोघांनाही जरा जास्तच झालं. नटवाल्यांनी घाईघाईनं दुसरा, कोरा नट काढला. "यात भोक मी स्वतः पाडून ठेवलंय. त्याच आठवड्यात. बरोबर मापाचं." मग आपले हात वर धरले. बोटं पानासारखी हलत होती. "आटे तू पाड."

"मी? मी कधी टॅपला हात लावलाय?"

"म्हणूनच. आणि टॅप एकच उरलाय. मोडलास तर प्रेस भंगारात आणि तू जिन्याखाली."

बोल्टवाल्यांनी नट खिडकीजवळच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला. भोकातून उजेडाकडे पाहिलं. तेही बारीकच वाटत होतं. तसं म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

सुनेनं शिलाई मशीनचं तेल दिलं. टॅप सरळ उभा केला. अर्धा फेरा पुढं, पाव मागं. नटवाल्यांनी डोळे मिटले होते.

"मागं घे."

"अरे, जातोय अजून."

"मागं घे म्हणतो ना! कुरकुरतोय, ऐकू येत नाही?"

मागं घेतला. टक्. आत कीस तुटला.

पुढं. मागं. टक्. खोलीत तो वास पसरला आणि बोल्टवाल्यांना सगळं दुकानच परत मिळालं. समोरासमोर दोन व्हाइस. इकडची कुरकुर, तिकडची टकटक. चहावर तरंगणारा कीस, तो बोटानं बाजूला सारून पिणं. सकाळपासून एक शब्द बोललो नाही हे जेवायच्या वेळी लक्षात येणं, आणि कोणी रागावलेलं नसणं.

टॅप खालून बाहेर आला. अख्खा.

बोल्ट जड गेला, पण गेला. ठिपक्यांसाठी नटवाल्यांनी थरथरत्या बोटांत पंच धरला, बोल्टवाल्यांनी हातोडी उचलली.

"बोटावर मारलीस तर बघ."

"तर काय करशील?"

"पुन्हा बोलणार नाही."

बोल्टवाल्यांनी फार सांभाळून ठोके मारले, चार नटावर, चार बोल्टवर.

संध्याकाळी दुकानात जोडून उभा केलेला प्रेस बाइंडिंगवालीच्या हातगाडीवरून गेला. मागून दोघं, हात न लावता, रस्ताभर ढकलायच्या सूचना देत.

भांडण झालं त्या दिवशीही दुकान दोघांनी मिळूनच बंद केलं होतं. दार खाली झुकलेलं असायचं, एकानं उचलून धरल्याशिवाय दुसऱ्याला कडी लावता येत नसे.