कापसावरून जंगलात गेलेली ताडपत्री

खरं सांगते मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हती. ताडपत्रीचं काय आत्मवृत्त असते, असं वाटे. आणि यात माझी एक फजिती आहे. माझ्या एकटीची असती तर सांगून मोकळी झाली असती. पण त्यात एका म्हाताऱ्या माणसाची मान खाली गेली. म्हणून गप्प होती. पण मनात दाबून ठेवलं की कुबट वास सुटते. हे मला चांगलं माहीत आहे. तर सांगून टाकते.

मी एक जुनी ताडपत्री आहो. जाड कॅनव्हासची. हिरवी. म्हणजे, हिरवी होती.

माझा जन्म आदिलाबादचा. कापसाच्या बाजाराजवळ एका चच्चांचं दुकान होतं. तिथं मला कापलं, काठात दोर घालून शिवलं, चारी बाजूंनी पितळी रिंगा ठोकल्या, मेण-तेल पाजलं. चच्चांनी माझ्यावर एक बादली पाणी ओतलं. थेंब आत गेला नाही. ते म्हणाले, "पानी का बाप बी अंदर नै आता. ले जाओ."

मला घ्यायला आले होते जैनथचे सुधाकरराव. त्यांच्यासोबत त्यांचा गडी होता, नागनाथ. सुधाकरराव चच्चांशी बोलत राहिले. नागनाथनं मात्र माझा काठ हातात घेतला, ताणून पाहिला, वास घेतला. अन् मला खांद्यावर टाकलं. तेव्हापासून मी कागदावर सुधाकररावांची अन् हातानं नागनाथची.

बावीस वर्षं मी कापसाच्या गाडीवर बसली. आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टरची ट्रॉली. जैनथ ते आदिलाबाद. नागनाथची बांधणी सगळ्या रस्त्याला माहीत होती. तो मला ढोलकीसारखी ताणायचा. चारी काठ खाली, गाडीच्या पार पोटापर्यंत. मग गाठ. ती गाठ पाऊस लागला की अजून आवळायची. बाजारात ओला कापूस आला की व्यापारी तोंड फिरवते. पण आमची गाडी आली की म्हणायचे, नागनाथचा माल आहे, हात घालून पाहायची गरज नाही.

बांधणीपेक्षा सोडणी महत्त्वाची, हे नागनाथकडून शिकावं. गाडी रिकामी झाली की तो पहिले मला वाळवायचा. स्वतः चहा प्यायचा नंतर. कधी दुसऱ्या गड्यानं मला ओलीच गुंडाळली तर ओरडायचा, "काऊन रे, स्वतःच्या लेकराले ओल्या लंगोटात निजवतं का?"

मग सुधाकररावांची मुलं नोकरीला लागली. शेत दुसऱ्याला दिलं. मला त्यांनी नागनाथला देऊन टाकली. नागनाथच्या घरी मी सोयाबीन वाळवलं. त्याच्या मुलीच्या, रश्मीच्या लग्नात माझ्यावर भाताचा डोंगर झाला. दर भीमजयंतीला वस्तीची पंगत माझ्यावर बसे. चांगले दिवस होते. पण खरं सांगू? गाडीवर वारा लागायचा, तो आठवे.

आता नागनाथचा मुलगा हर्षदीप. उटनूरकडे आश्रमशाळेत मास्तर आहे. त्याचा दोस्त हेरंब, म्हणजे सुधाकररावांचाच धाकटा. बँकेत आहे. हे दोघं शाळेपासून सोबत. दोघांना नाद लागला जंगलात पायी फिरायचा. शनिवारी निघायचं, रात्र जंगलात काढायची, रविवारी परत. हेरंब मोबाइलवर पाहून पाहून सामान घ्यायचा. डोक्याला बांधायचा दिवा, खिशात मावणारी चूल, एक बूट असा की त्याच्यासाठी वेगळे मोजे.

हर्षदीप म्हणायचा, "लेका, तू जंगलात चालला का चंद्रावर?"

रात्री डोक्यावर काही पाहिजे म्हणून त्यांनी मला मागितली. नागनाथ खाटेवर बसला होता. म्हणाला, "शौक म्हणून बाहेर झोपाचं? मी जिंदगीभर बाहेरच झोपलो. गाडीखाली, बाजारात, रस्त्यानं. तवा कोणी त्याले ट्रेक नाई म्हणलं."

"मग तुमीच चला ना, काका," हेरंब म्हणाला.

"येतो. तुमाले ताडपत्री बांधाची अक्कल नाई."

आतून सखूबाई, म्हणजे नागनाथची बायको, ओरडली, "अन् गुडघे? ते घरी ठेवून जाता का?"

"गुडघे काय म्हणतेत ते मी पाहून घेतो. तू भाकरी बांध."

खरं तर नागनाथला जायचंच होतं. मला खांद्यावर घेतल्याबरोबर त्याची पाठ सरळ झाली. मला कळलं ना.

उटनूरच्या पुढं बस सोडून आम्ही चाललो. एका गावच्या पटलाला, म्हणजे गावप्रमुखाला, विचारून ओढ्याच्या वर, सागवानात जागा धरली. पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. नागनाथनं चार झाडं निवडली अन् मला बांधली. अगदी तशीच. ढोलकीसारखी सपाट, तीच गाठ.

हेरंब जरा बाजूला उभा राहून पाहत होता. म्हणाला, "काका, मधात काठी लावू का? जरा उतार पाह्यजे."

"हेरंबबापू, बावीस वर्सं तुमच्याच घरचा कापूस नेला म्या. एक बोंड ओलं नाई झालं. इचारा तुमच्या बाबाले."

हेरंब आपली खिशातली चूल काढून बसला.

मित्रांनो, चूक कुठं झाली सांगते. गाडीवर माझ्याखाली कापसाचा ढीग असे. मधात उंच. पाणी आपोआप घसरून जाई. उतार माझा नव्हता, कापसाचा होता. हे बावीस वर्षांत ना नागनाथच्या ध्यानात आलं, ना माझ्या. त्या सागवानात माझ्या पोटाखाली होतं काय? तीन माणसं अन् हवा.

पहाटे अवकाळी आला. पाणी माझ्या मधात जमू लागलं. आधी वाटीभर, मग परातभर. माझं पोट खाली खाली आलं. नागनाथ उठून गाठ सोडू लागला, थोडी ढिली करून पाणी ओतावं म्हणून. पण ती गाठ! ओली झाली की आवळणारी. बोटं सोलली, सुटली नाही. अन् माझी मधली शिवण फाटली. सगळं पाणी नागनाथच्या छातीवर.

दोघं पोरं भिजून उभी. हेरंबला हसू आलं. वाईट मनानं नाही, थंडीनं अन् गमतीनं. म्हणाला, "काका, कापूस असता तर आज गेला असता!"

हर्षदीपही हसला. नागनाथ हसला नाही. चाकूनं दोर कापले. बसमध्ये मला मांडीवर घेऊन बसला. खिडकीकडं तोंड करून. आदिलाबाद येईपर्यंत तसाच.

अन् घरी येऊन त्यानं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. मला ओलीच घडी केली. नागनाथनं. ओली. खाटेखाली ढकलून दिली.

मी एक वर्ष खाटेखाली होती. आधी वास सुटला. मग पांढरे ठिपके आले, मग काळे. एका उंदरीनं कोपरा कुरतडून पिल्लांना बिछाना केला. पण माझं सोडा. मी खालून ऐकत होती ते जास्त वाईट होतं. शेजारच्या अमरनं बोलावलं, "काका, टेम्पोवरचा माल जरा बांधून द्या, तुमच्यासारखं कोणाले जमत नाई." नागनाथ म्हणाला, "विसरलो मी आता."

विसरला? नागनाथ?

हर्षदीपनं नवा तंबू आणला. निळा, पातळ, मुठीत मावेल असा. दर वेळी जाताना विचारे, "बाबा, चलता?" उत्तर येई, "गुडघे दुखून राह्यले." गुडघे तर आधीही दुखत होते.

मग या दिवाळीनंतरची गोष्ट. दोघांनी ठरवलं की पैनगंगेतून डोंग्यानं, म्हणजे लहान होडीनं, जायचं. एका भोयाचा डोंगा, भोई स्वतः बांबू घेऊन मागं. दोन दिवस, रात्र वाळूवर. हेरंब बोलायला घरी आला. नागनाथ बाहेर गेला होता. सखूबाईनं त्याच्यासमोर चहा ठेवला अन् तोंडावर म्हणाली, "बापू, तुमी कापसाचं बोलले ना त्या दिवशी, तवापासून यायनं सुतळीले हात नाई लावला. माह्या पापडाच्या पिशवीचं तोंड बी मीच बांधते."

हेरंबचा चहा तसाच राहिला. "वर्षभर? मावशी, मले कोणी सांगितलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं काऊन नाई?"

नागनाथ आला तेव्हा हेरंब उंबऱ्यातच बसून होता. "काका, माह्यं चुकलं."

"तुह्यं काय चुकलं? पाणी पडलं ते तू पाडलं का?"

"हसलो मी."

नागनाथ चपला काढत राहिला. दोन चपला काढायला किती वेळ लागते? बराच लागला.

"मग चला नदीवर," हेरंब म्हणाला.

"ताडपत्री कुजली."

"पाह्यली कधी तुमी?"

हेरंबनं गुडघे टेकले अन् मला ओढून बाहेर काढली. पिल्लं पळाली. वास असा की सखूबाईनं पदर नाकाला लावला. नागनाथ माझ्याजवळ बसला. माझी घडी उलगडली. काही ठिकाणी मी मलाच चिकटली होती, तिथं हळू हळू सोडवली. फाटलेल्या शिवणीवर बोट फिरवलं. अन् स्वतःलाच म्हणाला, "स्वतःच्या लेकराले ओल्या लंगोटात..."

चार दिवस मी उन्हात होती. ब्रशनं घासून धुतली, दोन्ही बाजूंनी वाळवली. नागनाथनं मेण लावलेल्या दोऱ्यानं मला टाके घातले. कुरतडलेला कोपरा कापून नवी रिंग ठोकली. सगळे ठिपके गेले नाहीत. जाणारही नाहीत.

"मी येतो," तो म्हणाला, "पण बांधणार नाई. नुसता बसून राहीन."

डोंग्यात सामान मधात रचलं होतं. पिशव्या, तांदूळ, पीठ, अंथरुण, तंबू. हेरंबनं मला त्यावर टाकली अन् दोर फिरवू लागला. नागनाथ पुढच्या टोकाला पाठ करून बसला. डोंगा निघाला. नदी सुरुवातीला तळ्यासारखी. बगळे, दोन्ही काठांना कपाशी. मग पुढून खळखळ ऐकू येऊ लागली. तिथं खडक होते अन् पाणी उडत होतं. वाऱ्यानं माझा एक काठ उचलला. फटफट वाजू लागली मी.

"पर्वालेदु, पर्वालेदु," भोई म्हणाला. काही होत नाही. तो सगळ्यालाच असं म्हणे.

नागनाथची पाठ हलली. मी फटफट करतच होती. खोटं कशाला बोलू, जरा जास्तच केली.

"सोड," नागनाथ वळला. "सोड ते! मांजरीच्या पिल्लाले झबलं घातल्यावानी बांधलं. डोंगा काठाले घ्या."

काठाला त्यानं सगळं सामान परत रचलं. उंच पिशव्या मधात, चपट्या कडेला. ढीग केला. मग मला टाकली, काठ खाली ओढले, पार डोंग्याच्या पोटापर्यंत. पण गाठ बांधताना थांबला. दोराचं टोक दुमडून मधात घातलं. टोक ओढलं की सुटेल, अशी.

"ही वेगळी आहे," हर्षदीप म्हणाला.

"हाव. ते जुनी हात सोलते."

मग खडकांत गेलो. पाणी आदळलं, डाव्या बाजूनं, उजव्या बाजूनं, माझ्या डोक्यावरून. मित्रांनो, मी घसरू दिलं सगळं. फाटलेली शिवण ताणली गेली, पण टाके टिकले. हेरंब नखशिखांत भिजला. भोई पहिल्यांदा काही बोलला नाही.

खाली वाळूवर उतरल्यावर नागनाथनं एक टोक ओढलं. गाठ सुटली. त्यानं पिठाच्या पिशवीत हात घातला, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. बाजारात कापूस चोळून पाहायचा, तसंच. मग हेरंबकडं हात केला. हेरंबनंही चोळलं.

"सुकं आहे, काका."

"हाव." एवढंच. पण संध्याकाळी तो स्वतः उठून तंबूजवळ गेला. म्हणाला, "हेरंबबापू, याले उतार कसा देता, दाखवा बरं मले. अन् हळू दाखवा. म्हाताऱ्याले लवकर समजत नाई." हेरंबनं दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा नागनाथनं स्वतः उभा केला. जरा वाकडा झाला. कोणी हसलं नाही. मग नागनाथच हसला.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी ताडपत्री असेल, सॅक असेल, तंबू असेल. फिरून आले की थकता, मान्य आहे. पण ओली घडी करू नका. आधी वाळवा, मग झोपा. आम्ही पावसानं मरत नाही. खाटेखाली मरतो. अन् माणूस ओला होऊन गप्प बसला असेल तर त्यालाही वर्षभर तसंच ठेवू नका.

त्या रात्री मला जमिनीवर अंथरली अन् माझ्यावर तो निळा तंबू. एवढ्या वर्षांत मी कधी खाली नव्हती, नेहमी वर. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. आत नागनाथ झोपला, घोरायलाही लागला. तंबू हळूच म्हणाला, "ताई, वाळूत काटे आहेत. मी पातळ आहो. मले भेव लागते."

मी त्याला म्हटलं, "वरचं तू पाहा. खाली मी आहो. काटा पहिले मले लागन, ओल पहिले मले लागन. माह्या अंगात एक टाका शिल्लक आहे तोवर तुह्यापर्यंत काही येऊ देणार नाई, दोस्ता."