कोंबड्यावरचा बुडबुडा

फिल्मवाल्याचा सगळा जन्म गाड्यांच्या काचांना फिल्म चढवण्यात गेला. साबणाचं पाणी मारायचं, फिल्म टाकायची, रबरी पट्टीने पाणी हाकलायचं. काचेत बारकासा बुडबुडा राहिला तरी गड्याला जेवण जायचं नाही. आणि आता त्याच्याच दंडावर, चिकट फिल्मखाली, द्राक्षाएवढा काळा बुडबुडा फुगून बसला होता.

त्याचं असं झालं. पोरगी एका दुकानात टॅटू शिकत होती. कागदावर काढून झालं, संत्र्यांवर काढून झालं, पण जिवंत कातडी द्यायला कुणी तयार होईना. सख्खा मामासुद्धा पाठदुखीचं निमित्त काढून सटकला. शेवटी बापाने बाही वर केली. "काढ काय काढायचंय ते!" तिने तुरा फुलवलेला फक्कड कोंबडा काढला. मालकीणबाईने सांगूनच ठेवलं होतं, की जखम भरल्यावर कोंबडा बघीन. चांगला उतरला तर दुकानातली खुर्ची तुझी, नाहीतर दुसरं काम शोध.

पोरीने वर फिल्म लावली आणि दम दिला, "बाबा, हात लावायचा नाही. आत लस साचणार. साचू दे."

ऐकेल तो बाप कसला! संध्याकाळी त्याने सुईने बुडबुडा टोचला, रबरी पट्टी फिरवली, वर केस वाळवायच्या यंत्राने कडा शेकल्या.

"दंड आहे की गाडीची काच?" बायको ओरडली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सकाळी फिल्म निघाली शर्टाला चिकटून, आणि शेपटीची सालटी फिल्मला.

पोरगी उठायच्या आत नवी फिल्म लावून मोकळं व्हायचं, म्हणून गडी औषधाच्या दुकानात.

"ताई, टॅटूवर लावायची फिल्म द्या. एक नंबर पाहिजे."

औषधवालीने तीन प्रकार समोर टाकले. त्याने पहिला उचलला.

"तो नको, काका. मधे कापसाची गादी आहे. जखमेला चिकटेल, आणि सोलताना तुमचा पक्षीच उडेल."

दुसरा त्याने ट्यूबलाइटसमोर धरला, ताणला, नखाने खरवडला. "याचे कोपरे चौकोनी. चौकोनी कोपरा आधी सुटतो."

"बरोबर बोललात. मग हा रोल घ्या. हवा जाते, पाणी जात नाही. चित्रापेक्षा दोन बोटं मोठा कापायचा, कोपरे गोल. आधी केस काढायचे, दंड आहे की पायपुसणं? आणि कातडी कोरडी पाहिजे."

"साबणाचं पाणी मारून?"

"कोरडी म्हटलं ना!"

मागे खोकल्याच्या औषधाला आलेल्या आजी ताटकळल्या होत्या. "मेल्या, आटप की! बघू काय काढलंयस. बटाटा?"

"कोंबडा आहे, आजी."

"शिजलेला दिसतोय."

दोघींचं हसणं त्याला झोंबलं. "माझ्या पोरीने काढलाय! तिची नोकरी आहे याच्यावर."

आजींनी खोकलासुद्धा गिळला. औषधवालीने चष्मा सावरून दंड निरखला. "फोडलात ना?"

"बुडबुडा होता हो..."

"मग आज फिल्म नाही मिळायची. लाल झालंय, झाकलंत तर आत सडेल. डॉक्टरला दाखवा, आणि पोरीला खरं सांगा. रोल तिलाच न्यायला पाठवा."

घरी पोरीने दंड बघितला आणि खालीच बसली. "बाबा, तू माझी खुर्ची घालवलीस," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिने चप्पल फेकली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांच्या मलमाने जखम भरली, पण शेपटीत पांढरा ठिपका राहिला. मालकीणबाईने बघितलं आणि भुवया चढवल्या.

"माझी सुई खोल गेली," पोरगी म्हणाली.

"खोटं बोलतेय," बाप मधेच. "सुई हिची नाही, माझी गेली. फिल्म फोडून पट्टी फिरवली मी."

बाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अशीच गाढवं येतात आमच्याकडे. म्हणजे निम्मं काम त्यांनी बिघडवलेलं दुरुस्त करायचं. बस पोरी, भर शेपटी. मी बघते."

पहिल्यापेक्षा दुप्पट दुखलं. गड्याच्या डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम.

"बाबा, हलू नकोस!"

"मी कुठे हलतोय? कोंबडा हलतोय!"

पोरीला हसू फुटलं, पण हात काही हलला नाही. शेपटी भरून झाल्यावर तिने औषधवालीकडून आणून ठेवलेल्या रोलमधून फिल्म कापली, कोपरे गोल करून कोरड्या कातडीवर अलगद बसवली. बाईने वाकून एकेक पीस बघितलं.

"बाहेर गिऱ्हाईक बसलंय," बाई पोरीला म्हणाली. "त्याला तुझ्या खुर्चीवर घे. आणि याला आधी घालव."