पलीकडच्या काठावरचा जोनास

इसिदोरने होडीची दोरी सोडली तेव्हा तळ्यावर फेसाळ लाटा उठू लागल्या होत्या. सकाळपासून त्याने पलीकडच्या काठावरची म्हातारी माणसं मतदानाला आणून पोचवली होती. स्वतः मात्र तो मतदानाच्या सभागृहाची पायरी चढला नव्हता. त्याच्या वडिलांच्या काळी सरकार त्यांच्यासारख्या आदिवासींना म्हणे, मत हवं असेल तर जमिनीच्या जुन्या करारातले हक्क सोडा. वडिलांनी मतावर पाणी सोडलं. पुढे ती अट गेली, पण इसिदोर मत न देण्यावर हटून बसला. यंदा त्याची मुलगी रोझलीच ओटावाच्या संसदेसाठी उभी होती, तरीही.

"आता कुणाला आणताय?" धक्क्यावरून रोझलीने विचारलं.

"जोनासला."

रोझलीने लाटांकडे पाहिलं. जोनासचे दोन्ही मुलगे तेलयुक्त वाळूच्या खाणीत ट्रक चालवत. खाणीचं घाण पाणी नदीत सोडणं बंद करा, असं ती गावोगाव सांगत फिरली होती. माझ्या पोरांच्या पोटावर पाय देणारीला मत देणार नाही, असं जोनासने भर दुकानात सांगितलं होतं.

"बाबा, वारा बघा. जोनासकाका आले नाहीत तर कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

"त्याला तुला नाही म्हणायचंय ना? मग त्याचं त्याला म्हणू दे. वाऱ्याने कशाला म्हणायचं?"

रोझली होडीत उतरली आणि तिने पाणी उपसायचा डबा हातात घेतला.

जोनासला घेऊन परतताना लाटा होडीत येत होत्या. ती उपसत राहिली. जोनास बाकाला घट्ट धरून बसला होता. अर्ध्या वाटेत, तिच्याकडे न बघता, तो म्हणाला, "माझं मत बदलणार नाही हं."

"माहीत आहे, काका. पाय वर घ्या, भिजतायत."

धक्क्यावर तिने त्याला हात देऊन उतरवलं आणि ती तिथेच थांबली. जोनास एकटाच हळूहळू सभागृहाकडे गेला.

इसिदोर बराच वेळ दाराकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून भिजलेलं ओळखपत्र काढलं आणि सदऱ्याला पुसलं.

"ओलं चालतं का गं?"

"चालतं."

"मत कुणाला दिलं ते विचारायचं नाही."

"नाही विचारणार," रोझली म्हणाली, आणि दाराकडे पाठ करून होडीतलं उरलेलं पाणी उपसू लागली.