भोपळ्यावरचं जग

मानसिंगराव थोरातांनी जगाचा अभ्यास केला तो सगळा सांगलीत बसून. मध्ये एम. ए. साठी दोन वर्षं पुण्याला राहिले होते, तेवढाच काय तो परदेशप्रवास. पण माणूस हौशी. कॉलेजात त्यांनी जागतिक घडामोडी केंद्र काढलं. केंद्राला एक खोली होती, एक कपाट होतं आणि भिंतीवर एक नकाशा होता. नकाशात अजून निम्मं जग इंग्रजांचं होतं. इंग्रज जाऊन दोन वर्षं झाली होती, पण नकाशाला ते कुणी कळवलं नव्हतं.

एकोणपन्नास सालच्या थंडीत नव्या विद्यापीठाची समिती केंद्र पाहायला येणार असं ठरलं. समितीने मान्यता दिली तर मानसिंगराव केंद्राचे प्रमुख होणार. नाही दिली तर काय होणार, ते त्यांच्या वडिलांनी, म्हणजे लालासाहेबांनी, आधीच सांगून ठेवलं होतं. लालासाहेबांचा कराडजवळ थोरातवाडीला बागायती ऊस होता.

"त्यांनी व्हय म्हनलं तर ऱ्हा," ते म्हणाले होते. "न्हाई म्हनलं तर गप घरी ये. गुऱ्हाळाला मानूस लागतोय. जग काय, तुझ्याबिगर चालतंय."

यात खोटं काही नव्हतं, म्हणून मानसिंगरावांना ते जास्त लागलं.

केंद्रात पृथ्वीचा एक मोठा गोल असावा, अशी समितीची अट होती. मुंबईच्या दुकानाला लिहिलं तर उत्तर आलं की जग अजून बोटीवर आहे, उतरलं की कळवू. शेवटी मानसिंगराव मिरजेला गेले. तिथे तंबोरे करणारे अमीनसाहेब त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्या माळ्यावर एक अवाढव्य भोपळा वाळून पडला होता.

"तंबोऱ्याला हा मोठा होतो," अमीनसाहेब म्हणाले. "जगाला बसेल." मग त्यांनी भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली आणि कान लावला. "खर्ज चांगला आहे. तार लावायची असली तर सांगा."

मानसिंगरावांनी जगाला तार लावायचं नम्रपणे नाकारलं आणि भोपळा मांडीवर घेऊन सांगलीला आले.

भोपळ्याला भोपळ्याचा आकार असतो, हे घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. खालून भरघोस, वर निमुळता. दक्षिण गोलार्धाची चंगळ झाली. उत्तर ध्रुवावर देठाचा खुंट राहिला. पण वेळ नव्हता. रंगवायचं काम गुंडा पेंटरला दिलं. गुंडा मूळचा वडूजचा. सांगलीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. मानसिंगरावांनी त्याला ॲटलास दिला. गुंडाने तो चाळला आणि परत केला.

"पुस्तक चांगलं हाय सर. पन ह्यात आपलं कायच न्हाई."

"तू फक्त हे बघून काढ."

"काढतो. पन काम हुईस्तवर कुनी बघायचं न्हाई. अर्धी पाटी बघितली की मालक सुधारना सांगत बसतो."

मानसिंगरावांनी कबूल केलं. इथे त्यांची चूक झाली. पाटी रंगवणाऱ्याची एक रीत असते. आधी मालकाचं नाव ठळक काढायचं, मग धंदा, आणि उरल्या जागेत बाकीचं. आता या जगाचे मालक कोण? भोपळ्याखालची बाभळीची तिवई फलटणच्या सुताराने फुकट करून दिली होती. रंग सांगलीच्या हळदीच्या अडत्याने दिला होता. लालासाहेबांनी गुंडासाठी गुळाची ढेप धाडली होती आणि सोबत निरोप: "आमचं गाव न्हाई त्या जगात आमचा गूळ कशाला?" शिवाय गुंडाची स्वतःची मेहनत होतीच.

समिती यायच्या दिवशी सकाळी मानसिंगरावांनी केंद्राचं दार उघडलं. भोपळ्यावर लाल अक्षरांत वडूज होतं. त्याच्या अंगाला अंग लावून फलटण, कराड आणि सांगली. या सगळ्यांच्या मधोमध, झेंडा लावून, थोरातवाडी. उत्तर आणि दक्षिण सातारा हे दोन जिल्हे अरबस्तानापासून ब्रह्मदेशापर्यंत पसरले होते. त्यांच्याखाली उरलेला हिंदुस्थान दाटीवाटीने उभा होता. इंग्लंड चिंचोक्याएवढं झालं होतं, आणि ते पाहून मानसिंगरावांना, खोटं कशाला बोला, क्षणभर बरं वाटलं. मग समिती आठवली.

"गुंडा, हे काय केलंस?"

"जागा कमी पडली सर. जग लय हाय."

"आणि या बाजूला?"

"हिकडं पॅसिफिक. हिकडच्या कुनी कायच दिलं न्हाई, म्हनून मोकळं सोडलं. एक आगबोट काढलीया, शोभंला."

मानसिंगरावांनी भोपळा फिरवून आगबोट दाराकडे केली आणि गुंडाला बजावलं, कुणालाही हात लावू द्यायचा नाही.

तेवढ्यात सकाळच्या सर्व्हिस मोटारीतून लालासाहेब उतरले. निकाल काय लागणार याची त्यांना खात्री होती, म्हणून मुलाची वळकटी बांधायला दोरी घेऊनच आले होते. ते खोलीत शिरले ते थेट भोपळ्यापाशी.

"आपलं गाव कुटाय?"

"मागच्या अंगाला, आबा. आता नका बघू."

"सोयरं येनार आन् आमी तोंड फिरवून बसायचं? ही कुठली रीत?"

दुपारी समिती आली. अध्यक्ष होते भूगोलाचे डॉक्टर परचुरे, कडक कॉलरचे आणि त्याहून कडक चेहऱ्याचे. सोबत नॉर्वेचे प्राध्यापक हाल्वर्सन. सहा फूट उंच, लाल नाक, चेहऱ्यावर सतत हसू. परचुऱ्यांनी कपाट पाहिलं, नकाशा पाहिला आणि टिपणवहीत काहीतरी लिहिलं. मग ते गोलापाशी आले. आगबोटीकडे पाहून त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या. आणि भूगोलाच्या माणसाने जे करायचं तेच त्यांनी केलं. बोट लावून पृथ्वी फिरवली.

थोरातवाडी झेंड्यासकट समोर आली.

"हा कोणता देश?" परचुऱ्यांनी लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

"वडूज," गुंडा म्हणाला.

"वडूज हा देश आहे?"

"तालुक्याचं गाव हाय साहेब. कचेरी हाय."

परचुऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. वडूज होतं तिथेच होतं. मानसिंगराव भिंतीकडे पाहत राहिले. त्यांना गुऱ्हाळाच्या काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास येऊ लागला होता.

इतक्यात हाल्वर्सन वाकले आणि वरच्या अंगाला काहीतरी शोधू लागले. इंग्रजीत त्यांनी विचारलं, "नॉर्वे कुठे आहे?"

मानसिंगरावांनी पाहिलं. नॉर्वेच्या जागी देठाचा खुंट होता. तसं सांगावं की सांगू नये, या विचारात ते असताना लालासाहेब पुढे सरले.

"पाव्हनं काय हुडकत्यात?"

"त्यांचा देश, आबा. राहिला काढायचा."

"देश ऱ्हाऊ दे. गाव कुठलं, इचार."

मानसिंगरावांनी विचारलं. हाल्वर्सन म्हणाले, स्कारविक. समुद्राकाठची दहा-वीस घरं, सगळे मासेमार. नॉर्वेच्या नकाशातसुद्धा नाही.

हे मराठीत ऐकून लालासाहेब गंभीर झाले. "गुंडा, पाव्हन्याचं गाव काढ."

"कुठं काढू? वर देठ हाय."

"कराड आन् वडूजच्या मधी घे. आमच्या वाडीचा झेंडा खरवड. झेंडा काय, पुन्यांदा लावता येतो."

"नॉर्वे तिथे नाही," परचुरे कडाडले.

"आता हाय," लालासाहेब म्हणाले.

गुंडाने झेंडा खरवडला आणि मानसिंगरावांनी कागदावर लिहून दिलेलं नाव लाल रंगात काढलं, वडूजएवढंच ठळक. हाल्वर्सननी नाव वाचता येत नसताना वाचलं. मग कराडवर बोट ठेवलं, तिथून स्कारविकवर, आणि मोठ्यांदा हसत म्हणाले, "यायला मला महिना लागला. जाताना पायी जाईन."

मानसिंगरावांनी भाषांतर केलं. लालासाहेब म्हणाले, "पायी कशाला, गाडी जुंपून देतो."

परचुरे मात्र हसले नाहीत. टिपणवही उघडून ते म्हणाले, "शास्त्राच्या दृष्टीने मान्यता देणं मला अशक्य आहे."

"खरं हाय तुमचं," लालासाहेब म्हणाले. "आन् आपलं गाव कुठलं वो?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"न्हाई, इचारलं आपलं."

परचुऱ्यांनी टिपणवहीत पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आडे. दापोलीच्या बाजूला. तुम्हाला नाही माहीत व्हायचं. कुणालाच नसतं."

गुंडाने भोपळा थोडा वळवला आणि पश्चिमेचं अंग निरखलं. "बसंल साहेब. पन समुद्र पुसावा लागंल."

परचुऱ्यांनी आयुष्यभर मुलांना समुद्राच्या सीमा शिकवल्या होत्या. ते बराच वेळ अरबी समुद्राकडे पाहत होते.

"थोडाच पुसा," ते म्हणाले.

गुंडाचा कुंचला फिरत होता तोवर त्यांनी शेजारी उभं राहूनच मान्यतेवर सही केली. खाली एक शेरा मारला: हा गोल भूगोलाच्या अध्यापनासाठी वापरू नये. मग आडेपाशी उरलेल्या समुद्रात एक मासळीही काढता येईल का, असं त्यांनी गुंडाला विचारलं. काढता आली.

समिती स्टेशनवर गेल्यावर बाप-लेक दोघेच राहिले.

"म्हंजे तू येत न्हाईस," लालासाहेब म्हणाले.

"नाही, आबा."

लालासाहेबांनी भोपळ्याला खालून हात लावून पाहिला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बरं. मग एक ध्यानात ठेव. वाळला भोपळा उंदरं कुरतडत्यात. आमच्या वाडीपास्नं सुरवात करतील. गुळाचा हात लागलाय त्याला."

त्याच संध्याकाळी जागतिक घडामोडी केंद्रात पहिली नेमणूक झाली. मानसिंगरावांनी सांगलीच्या खणभागातून एक मांजर आणलं. ते रुजू होताच स्कारविकच्या सावलीत अंग मुडपून झोपलं.