कासारवाडीचं गुप्तदान

कासारवाडी स्टेशनाजवळ शालनबाईंची खाणावळ होती. खाणावळ म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन चुली आणि बसायला गोणपाट. पिंपरीच्या बाजूला एका नव्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. नगर-बीडकडचे दुष्काळानं उठलेले मजूर तिथं पाट्या वाहत आणि दुपारी सहा आण्यांत बाईंकडे जेवत. बाईंचा नवरा कोंडाजी विहिरीच्या कामात पाय मोडून बसलेला, तेव्हा घर त्या चुलींवरच चालत होतं.

त्रेपन्न सालच्या चैत्रात भैरवनाथाच्या देवळात अन्नछत्र सुरू झालं. भाकरी, आमटी, कांदा. कुणीही यावं, पोटभर जेवावं. देवळाचा कारभार रंगराव बघायचे. दाता कोण म्हणून विचारलं की ते हात जोडायचे.

"गुप्तदान हाय. नाव सांगू नका म्हणलाय देणारा."

पंधरा दिवसांत बाईंच्या पंगतीतली माणसं चाळीसवरून नवावर आली.

"देवाच्या कामाला नावं ठेवू नगं," कोंडाजी म्हणाला. "एखाद्याचा नवस फिटला आसंल."

"नवस फिटलेला माणूस नावाची पाटी लावून घेतो, लपत न्हाई," बाई म्हणाल्या.

त्यांच्या मनात काहीतरी कुसळासारखं टोचत होतं. छत्र बांधकामावरच्या बाराच्या भोंग्याला सुरू व्हायचं आणि एकच्या भोंग्याला बंद. रविवारी चूलच पेटत नव्हती. त्यांनी रंगरावांना गाठून विचारलं, "रंगराव, भूक रविवारी सुट्टीवर जाती का वो?"

रंगरावांचा चेहरा आवळला. "फुकट घालणाऱ्याला वार विचारायचा नसतो, शालन."

मग बाईंनी दुसरी वाट धरली. भाकरी थापायला बाया कमी पडतात असं कळल्यावर त्या स्वतःच देवळात गेल्या. धंदा बसलाय, सेवा तरी करते, म्हणाल्या. रंगरावांनी संशयानं बघितलं, पण हात हवे होते.

चार दिवस त्या थापत राहिल्या आणि बघत राहिल्या. ज्वारीची पोती बांधकामावरच्या ट्रकमधून उतरत होती. जेवणाआधी बांधकामावरचा मुकादम सगळ्यांना उभं करून अज्ञात दात्याच्या नावानं जयजयकार करायला लावायचा. मजूर मान खाली घालून ओरडायचे. पायरीशी मंजुळाबाई नावाची एक निराधार म्हातारी बसायची. ती दीड भाकरी खायची आणि अर्धी पदरात बांधायची. शनिवारी दोन बांधायची.

पाचव्या दिवशी पगार झाला. बीडकडचा भैरू बाईंचं जुनं गिऱ्हाईक. तो भाकरी घ्यायला आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"काय झालं रे?"

"रोजातले चार आणे कापले, मावशी. मुकादम म्हनला, जेवन देवळात मिळतंय की. आता कसले चार आणे?"

"समद्यांचे?"

"समद्यांचे."

बाईंचे हात पिठातच थांबले. दात्याचं नाव आता कुणी सांगायची गरज नव्हती. बांधकामाच्या कंत्राटदाराला एका मजुराच्या भाकरी-आमटीला जेमतेम दोन आणे लागत असतील. वर जयजयकार वेगळा.

त्यांनी रंगरावांना बाजूला घेतलं. "तुमाला ठावं हुतं."

"नव्हतं असं न्हाई म्हणत." रंगराव सभामंडपाच्या नव्या खांबांकडे बघत होते. "त्यानंच हे उभं करायला घेतलंय. दोनशे वर्षांत कुणी दिलं नव्हतं. देव काय विचारतो का, पैसा कुठनं आणला?"

"देव न्हाई विचारत. मी विचारती."

बाई पंगतीत गेल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "ही भाकरी तुमी इकत घेतलीया, चार आण्याला. दान म्हणून कुणाला हात जोडू नका."

शेवटच्या रांगेतून एकजण म्हणाला, "खाणावळ बसली म्हणून पेटवायला आलीस व्हय, बाई?"

दोघं-चौघं हसले. पीठ तसंच टाकून बाई घरी आल्या.

पण दुसऱ्या दिवशी भैरू आणि तीसेक माणसं देवळात गेलीच नाहीत. तिसऱ्या दिवशी दीडशे. मजुरांनी मुकादमाला सांगितलं, आम्हाला जेवण नको, रोज पुरा द्या. कंत्राटदारानं पाचसहा जणांना काढून बघितलं, तर उरलेल्यांनी पाट्या खाली ठेवल्या. पावसाळ्याआधी कारखान्याचं छत टाकायचं होतं. आठवड्यानं तीन आणे परत मिळाले. चौथा आणा मिळाला नाही, आणि काढलेल्यांतला एकजण परत घेतला गेला नाही.

त्याच दिवशी छत्र बंद झालं. सभामंडपाचं छप्परही अर्ध्यावर राहिलं. रंगराव रस्त्यात दिसले तरी बोलेनासे झाले. गावात बोललं जाऊ लागलं की शालननं आपल्या धंद्यासाठी देवाचं अन्न तोडलं. खाणावळ पुन्हा भरू लागल्यावर तर लोकांची खात्रीच पटली.

एकदा कोंडाजीनंही विचारलं, "खरं सांग. त्या पोरांसाठी केलंस का गिऱ्हाइकासाठी?"

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "दोन्ही आसंल. मलाबी नीट सांगता येत न्हाई."

मंजुळाबाई त्यांना चार दिवसांनी आठवली. देवळाच्या पायरीवर ती तशीच बसलेली, पदर मोकळा. मजुरांना तीन आणे मिळाले होते. हिला रोजच नव्हता, मग परत काय मिळणार?

"उद्यापासनं माझ्याकडं जेवायला या," बाई म्हणाल्या. "रविवारीबी."

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का?"

"का म्हंजे? जेवायला."

"माझं घर न्हाई, शेत न्हाई. बदल्यात अंगठा कशावर द्यायचा?"

"कशावरच न्हाई."

मंजुळाबाईला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, पण ताटावर बसण्याआधी तिनं खराटा शोधला, सगळं अंगण झाडून काढलं आणि मगच भाकरीला हात लावला. शालनबाईंनी तिला एकदाही अडवलं नाही.