बंद दाराआडचं बोलणं

नाईक नंदीश बिराजदार सुट्टीवर मुरुमला आला, तेव्हा स्टँडवर भेटलेल्या कुणाशी धड बोलला नाही. घरी जेवणं उरकल्यावर त्यानं आई रुद्रम्माला आणि बहिणीच्या नवऱ्याला, सोमलिंगदाजींना, समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

नंदीश फौजेत ड्रायव्हर, हुद्दा नाईक. सुट्टीच्या थोडं आधी त्याच्या युनिटचे मेजर हौसेनं स्वतः जिप्सी चालवायला बसले आणि नंदीशला त्यांनी शेजारी बसवलं. वळणावर त्यांनी एका मोटारसायकलवाल्याला उडवलं. माणूस वाचला, पण त्याचा पाय गेला. गाडी कोण चालवत होतं हे त्या बिचाऱ्यानं पाहिलंच नव्हतं. मेजरांनी नंदीशला ऑफिसात बोलावून सांगितलं, चालवणारा तू होतास असं लिहून दे. नंदीश नाही म्हणाला. परत बोलावणं आलं, तेव्हा तो खिशात फोन ठेवून गेला. रेकॉर्डिंग चालू करूनच. अपघाताची चौकशी त्याच्या सुट्टीनंतर युनिटात बसायची होती.

त्यानं ते दोघांना ऐकवलं. मेजरांचा आवाज स्वच्छ होता. "गाड़ी मैं चला रहा था, ये सिर्फ़ हम दोनों जानते हैं. तेरा क्या बिगड़ेगा? मेरा तो सब कुछ चला जाएगा."

सोमलिंगदाजी ताडकन उठले. "आण तो फोन इकडं. उमरग्यात माज्या वळखीचा चॅनलवाला हाय. सांजच्यापातूर गावोगाव वाजतंय बघ."

"पुसून टाक, मगा," रुद्रम्मा म्हणाली. घाबरली की ती कानडीवर यायची, मुलाला मगा म्हणायची. "हापिसात फोन न्यायला बंदी हाय म्हंतोस. मग तुलाच धरतील की."

"चौकशीत माजं नाव ड्रायव्हर म्हणून लागलं तर नोकरीबी जाईल आन् खोटा ठपकाबी बसंल, आव्वा. पुसत न्हाय. दाजी, तुमालाबी देत न्हाय. आदी कायदा काय म्हंतोय ते बघतो."

तो एसटीनं धाराशिवला गेला. अ‍ॅडव्होकेट अयोध्या क्षीरसागर फौजी लोकांची प्रकरणं बघायच्या. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कुणाला पाठवलंय का हे?"

"न्हाय मॅडम. घरच्यांना ऐकवलं फक्त."

"बरं केलंत. आता कुणालाच पाठवायचं नाही. एकदा बाहेर फिरलं, की तुमच्यावर दुसराच गुन्हा लागेल."

"पर चोरून रेकॉर्ड केलं, हाच गुन्हा न्हाय का?"

"दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून ऐकलं असतंत तर गोष्ट वेगळी. इथं बोलणं तुमच्याशीच चाललं होतं. नुसत्या रेकॉर्डिंगचा सहसा गुन्हा होत नाही, आणि असला पुरावा न्यायालयं बघतातसुद्धा. फक्त आवाज कुणाचा, कुठं कापाकापी झाली आहे का, ते आधी तपासतात. म्हणून फोन जसा आहे तसाच ठेवा."

नंदीशचा चेहरा उजळला, तसा त्यांनी हात वर केला.

"थांबा. बंदी असलेल्या ऑफिसात फोन नेलात, हुकूम मोडलात. त्याची शिक्षा होऊ शकते. पुरावा वापरायचा तर हे आधी स्वतःच्या तोंडानं कबूल करावं लागेल. आहे तयारी?"

फौजेतली सगळी वर्षं नंदीशच्या कागदावर एक लाल शेरा नव्हता. मग तो म्हणाला, "केलंय ते कबूल करतो. न्हाय केलं ते करणार न्हाय."

"मग त्या चौकशीत तुमच्या बाजूनं वकिलाला बोलता येत नाही, तुम्हालाच बोलायचं आहे. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आधी मेजरांना विचारा, त्या दिवशी काय बोलणं झालं. त्यांचं उत्तर पुरतं होऊ द्या. मगच फोनचं नाव काढा."

सुट्टी संपवून नंदीश युनिटात परतला. चौकशीच्या दिवशी लांब टेबलामागं कर्नलसाहेब आणि दोन अधिकारी बसले होते. मेजरांनी न अडखळता साक्ष दिली, गाडी नंदीश चालवत होता. नंदीशनं प्रश्न विचारायची परवानगी मागितली.

"सर, आपण मला ऑफिसात बोलावलंत. तेव्हा काय म्हणालात?"

मेजर हसले. "मी काय म्हणणार? हाच रडत आला होता. चूक झाली, मला वाचवा, म्हणाला."

नंदीश कर्नलसाहेबांकडं वळला. "सर, मी त्या ऑफिसात फोन घेऊन गेलो होतो. हुकूम मोडला, त्याची शिक्षा मला द्या. पण त्या फोनमध्ये हे बोलणं आहे. फोन मी हजर करतो."

मेजरांचं हसू मावळलं. ते उठून ओरडले, "सर, हे बेकायदा आहे! चोरून केलेलं रेकॉर्डिंग चालणार नाही!"

"बसा," कर्नल म्हणाले. "फोन नेला तो त्याचा अपराध, त्याचं आम्ही बघू. आवाज कुणाचा, ते आता बघायचंय."

खोलीत तो आवाज घुमला. गाड़ी मैं चला रहा था. मेजर टेबलाकडं बघत राहिले. कर्नलांनी फोन सीलबंद करून तपासणीला पाठवला. कुठंही छेडछाड नाही आणि आवाज मेजरांचाच, असा निर्वाळा आला. मेजरांवर कोर्ट मार्शलचा हुकूम निघाला. नंदीशवरचा ठपका पुरता पुसला गेला. फोनसाठी कडक ताकीद मिळाली, ती त्यानं सावधान उभं राहून ऐकून घेतली. ताकीद संपल्यावर कर्नल म्हणाले, "सोमवारी ताफा निघतोय. सगळ्यात पुढची गाडी तुझी."

बाहेर आल्यावर बरोबरीच्या ड्रायव्हरांनी त्याला खांद्यावर उचललं. त्या गलक्यातच त्यानं मुरुमला फोन लावला.

"आव्वा, सुटलो! जिंकलो आपण!"

पलीकडून हुंदका ऐकू आला. मग रुद्रम्मा दारात जाऊन ओरडली, ते त्याला फोनवरही ऐकू आलं. "आवो जावईबापू, पेढे आणा! माजं पोरगं खऱ्यानं जिंकलंय!"

सोमवारी पहाटे ताफा निघाला. सगळ्यात पुढच्या ट्रकच्या स्टिअरिंगवर नंदीश होता. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कडक सलाम ठोकला आणि त्यानं गाडी मोकळ्या रस्त्यावर घातली.